चाकाच्या आऱ्यांतून निघालेली लिपी. शॉर्टहँडचा जनक आयझॅक पिटमन

लघुलेखक पदाच्या जाहिरातीत मिनिटाला १०० शब्द, १२० शब्द अशी अट असते. त्या अटीपायी तुये-पेडण्याकडची पोरं म्हापशाला, बांद्याकडची सावंतवाडीला टायपिंग क्लासला जाऊन तिरप्या-आडव्या रेघा घोटायची. त्या रेघा पहिल्यांदा ओढल्या त्या इंग्लंडमधल्या नोकरी गेलेल्या एका शाळामास्तराने.

आयझॅक पिटमन ४ जानेवारी १८१३ रोजी ट्रोब्रिज या कापड गिरण्यांच्या गावात जन्मला. बाप गिरणीत मुकादम. कोंदट वर्गात पोराला चक्कर यायची, म्हणून तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि गिरणीतच कारकुनी सुरू झाली. वाचन दांडगं, पण शब्द भेटले ते पुस्तकातून. बोलायला गेलं की उच्चार चुकायचे. मग गड्याने उच्चारांचा कोशच वाचून काढला! लिहायचं एक, बोलायचं भलतंच, ही इंग्रजीची खोड त्याला कायमची सलत राहिली.

पुढे तो मास्तर झाला. वॉटन-अंडर-एज गावात असताना त्याने स्वीडनबोर्गच्या 'न्यू चर्च' पंथाची वाट धरली, तर शाळेच्या चालकांनी त्याला काढून टाकलं. त्याने तिथेच स्वतःची शाळा काढली. टेलरची जुनी लघुलिपी त्याला येत होती. तिचं स्वस्त पुस्तक काढावं म्हणून तो बॅगस्टर या प्रकाशकाकडे गेला. अशी पुस्तकं ढीगभर आहेत, स्वतःचं काही आण, असा सल्ला मिळाला. १८३७ साली चार पेनी किमतीचं 'स्टेनोग्राफिक साउंड-हँड' बाहेर पडलं.

लिपीची युक्ती साधी. गाडीचं चाक डोळ्यांपुढे आणा. उभा, आडवा आणि दोन तिरपे आरे, बाकी धावेचे तुकडे. उभी रेघ ट, आडवी क, तिरप्या दोन प आणि च. तीच रेघ दाबून जाड केली की ड, ग, ब, ज. म पालथ्या वाटीसारखा, न उताण्या वाटीसारखा. स म्हणजे बारीकसं वर्तुळ. स्वरांना ठिपके आणि छोट्या रेघा, आणि घाईत त्याही गाळायच्या. शब्द ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळ कापतोय, त्यावरून स्वर ओळखायचा. स्पेलिंगला इथे थारा नाही, कानाला ऐकू येईल तेवढंच कागदावर. गंमत म्हणजे क्रमही वर्गांचाच, फक्त उलटा: मराठी वर्णमाला घशाकडून ओठांकडे येते, पिटमनची ओठांकडून घशाकडे जाते.

१८४० साली पेनी पोस्ट आलं. पिटमनने अख्खी पद्धत एका कागदावर छापून टपालाने धाडायला सुरुवात केली. विद्यार्थी धडे लिहून पाठवायचे, तो तपासून परत करायचा. भाऊही कामाला लागले. जेकब ऑस्ट्रेलियाला गेला, बेन अमेरिकेला.

पण बदल करत राहायची खोडही त्याला होतीच. १८५७ साली त्याने स्वरांचा क्रमच उलटवला. शिकलेल्यांचे हाल झाले. बेनने ते मानलंच नाही आणि अमेरिकेत जुनाच क्रम शिकवत राहिला. भावाभावांत फाटलं ते फाटलंच.

पिटमनची खरी ओढ मात्र इंग्रजी स्पेलिंग सुधारण्याची. एलिस या विद्वानाबरोबर त्याने छपाईसाठी नवी अक्षरं घडवली, मासिकं चालवली, पदरचा पैसा ओतला. लोकांनी शॉर्टहँड उचललं, स्पेलिंग जिथल्या तिथे. १८९४ साली 'सर' किताब मिळाला तोही शॉर्टहँडसाठीच. जानेवारी १८९७ मध्ये बाथ शहरात तो वारला.