रिकाम्या घरांचा दलाल

न्यूयॉर्कमधील हार्लेम म्हटले की जॅझचे सूर, लँग्स्टन ह्यूज यांची कविता आणि कृष्णवर्णीय अमेरिकेची सांस्कृतिक राजधानी असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र हार्लेम ही सुखवस्तू गोऱ्यांची वस्ती होती. तिचे रूप पालटले ते कोणा कवीमुळे वा पुढाऱ्यामुळे नव्हे. ते पालटले घरांच्या बाजारातील मंदीमुळे आणि त्या मंदीत आपला धंदा शोधणाऱ्या एका घरदलालामुळे. फिलिप ए. पेटन ज्युनियर हे त्यांचे नाव. पुढे त्यांना हार्लेमचे जनक म्हटले गेले.

पेटन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८७६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफील्ड या गावी झाला. वडिलांचे केशकर्तनालय होते, आईही केशरचनेचाच व्यवसाय करीत असे. भावांनी येल विद्यापीठापर्यंत मजल मारली. फिलिप यांनी मात्र नॉर्थ कॅरोलिनातील लिव्हिंगस्टोन कॉलेज अर्ध्यावरच सोडले. वडिलांकडून शिकलेली कात्री हाताशी होती. तेवढ्या भांडवलावर १८९९ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. एका मोठ्या दुकानात वजनाच्या यंत्रापाशी उभे राहण्याचे काम त्यांनी केले, काही काळ केस कापले आणि अखेर घरांच्या खरेदीविक्रीच्या एका कचेरीत ते झाडलोटीच्या नोकरीवर लागले. त्या कचेरीत झाडू मारता मारता त्यांनी धंदा न्याहाळला. या व्यवसायात पदवी लागत नाही, फारसे भांडवलही लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

१९०० मध्ये एका भागीदारासह त्यांनी स्वतःची दलाली सुरू केली. धंदा बसला नाही आणि काही महिन्यांतच भागीदार निघून गेला. पत्नी मॅगी शिवणकाम करून संसार रेटत होती. भाडे थकल्यामुळे या दांपत्याला स्वतःचेच बिऱ्हाड हलवावे लागले. इतरांना घरे मिळवून देण्याची पाटी लावणाऱ्या माणसाला स्वतःचे छप्पर टिकवता येऊ नये, हा दैवदुर्विलास खराच. दलालीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना मात्र त्यात नवल वाटणार नाही. व्यवहार झाला तर दलाली. तो होईपर्यंतची पायपीट फुकट.

इकडे हार्लेममध्ये वेगळेच नाट्य घडत होते. भुयारी रेल्वेचे काम १९०० मध्ये सुरू झाले होते आणि तिचा एक फाटा लेनॉक्स अव्हेन्यूखालून जाणार होता. रेल्वे आली की गिऱ्हाईक येणारच, या भरवशावर बांधकाम व्यावसायिकांनी कर्जे काढून इमारतींच्या रांगा उभ्या केल्या. नोव्हेंबर १९०४ मध्ये गाडी धावू लागली, पण तोवर घरे गरजेहून कितीतरी अधिक झाली होती. १९०४-०५ मध्ये फुगा फुटला. कर्जपुरवठा आटला, नव्या कोऱ्या सदनिका ओस पडल्या आणि भाडेकरू मिळावा म्हणून मालक सुरुवातीच्या महिन्यांचे भाडे माफ करू लागले.

त्याच शहरात दुसरीकडे माणसे घरासाठी वणवण करीत होती. १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६० हजार कृष्णवर्णीय होते. त्यांतील अनेकांची वस्ती मॅनहॅटनच्या पश्चिमेकडील टेंडरलॉइन परिसरात होती. ऑगस्ट १९०० मध्ये तिथे वांशिक दंगल झाली आणि पोलिसांनीच कृष्णवर्णीयांना बदडून काढले. पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या भव्य स्थानकासाठी तिथली घरे पाडण्यात आली. म्हणजे एकीकडे भाडेकरूविना घरे आणि दुसरीकडे घराविना भाडेकरू. मध्ये भिंत होती ती फक्त वर्णाची. ती ओलांडण्याची दलाली पेटन यांनी घेतली.

पहिले गिऱ्हाईक त्यांना मिळाले ते एका भांडणातून. पश्चिम १३४व्या रस्त्यावरील दोन घरमालकांचे बिनसले. शेजाऱ्याला धडा शिकवायचा म्हणून त्यातील एकाने आपली इमारत पेटन यांच्या हवाली केली आणि ती कृष्णवर्णीय कुटुंबांनी भरून टाकण्यास सांगितले. पेटन यांनी ती भरली आणि भाडे वेळच्या वेळी पोहोचते केले. सूडापोटी सुरू झालेला हा व्यवहार फायद्याचा आहे, हे पाहून इतर मालकही त्यांच्याकडे येऊ लागले.

त्यांचे गणित साधे होते. मालकाकडून इमारत ठरावीक भाड्याने काही वर्षांच्या पट्ट्यावर घ्यायची, म्हणजे घर रिकामे राहण्याची त्याची धास्ती संपली. मग खोल्या कृष्णवर्णीयांना अधिक भाड्याने द्यायच्या. गोऱ्यांपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त भाडे या लोकांकडून घेतले जाई, कारण त्यांना दुसरीकडे दारच उघडे नव्हते. पेटन यांचा नफा या फरकातून येई. चांगली घरे त्यांनी आपल्या बांधवांना मिळवून दिली, यात शंका नाही. परंतु त्यांच्या अगतिकतेची किंमतही त्यांच्याकडूनच वसूल केली. या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबवहीत होत्या आणि एक पुसून दुसरी वाचता येत नाही.

जून १९०४ मध्ये त्यांनी आफ्रो-अमेरिकन रिअल्टी कंपनी स्थापन केली. अधिकृत भांडवल पाच लाख डॉलर, समभाग दहा डॉलरचा. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या वर्तुळातील प्रतिष्ठित मंडळी पाठीशी होती. त्याच सुमारास हडसन रिअल्टी कंपनीने पश्चिम १३५व्या रस्त्यावरील तीन इमारती घेतल्या आणि तिथल्या कृष्णवर्णीय भाडेकरूंना बाहेर काढायला सुरुवात केली. पेटन यांनी लगतच्या दोन इमारती विकत घेतल्या, तिथल्या गोऱ्या भाडेकरूंना निरोप दिला आणि बाहेर काढलेल्यांना तिथे आणून बसवले. हडसन कंपनीने अखेर आपल्या इमारती पेटन यांच्या कंपनीलाच विकल्या. त्यांचे नाव गावभर झाले.

हेच नाव त्यांना भोवले. वंशाच्या उन्नतीत भागीदार व्हा आणि घसघशीत लाभांशही मिळवा, असा कंपनीचा प्रचार होता. त्यावर विश्वास ठेवून साध्या मोलमजुरी करणाऱ्यांनी समभाग घेतले. प्रत्यक्षात माहितीपत्रकात मालकीच्या म्हणून मिरवलेल्या बऱ्याच इमारती नुसत्या पट्ट्याने घेतलेल्या होत्या, तर उरलेल्या कर्जाखाली दबलेल्या. १९०६ च्या अखेरीस काही भागधारक न्यायालयात गेले आणि जानेवारी १९०७ मध्ये पेटन यांना अटक झाली. न्यायालयाने कंपनीला दोषी धरले. पेटन मात्र व्यक्तिशः सुटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला. मालकाला द्यायचे भाडे ठरलेले आणि भाडेकरूंची नोकरी गेलेली. ज्या पट्ट्यांनी कंपनी उभी केली त्यांनीच तिचा गळा आवळला. १९०८ मध्ये तिचा कारभार आटोपला.

दुसरा कोणी असता तर शहर सोडून गेला असता. पेटन यांनी पुन्हा स्वतःच्या नावाने दलाली सुरू केली. तोवर हार्लेममधील गोऱ्या मालकांनी एकजूट करून कृष्णवर्णीयांना घर न देण्याचे करार केले होते. पण घर रिकामे आणि कर्जाचा हप्ता दाराशी, अशा वेळी करार कोण पाळतो? एकाने विकले की शेजारी घाबरून पडेल किमतीला विकी. पेटन यांच्याच कंपनीत विक्रीचे काम केलेले जॉन नेल आणि हेन्री पार्कर यांनी १९११ मध्ये सेंट फिलिप्स चर्चला १३५व्या रस्त्यावरील दहा इमारती ६ लाख ४० हजार डॉलरना मिळवून दिल्या.

पेटन यांचा सर्वांत मोठा सौदा १९१७ मधला. पश्चिम १४१ आणि १४२व्या रस्त्यांवरील सहा इमारतींचा हा व्यवहार दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचा होता. त्या इमारतींना त्यांनी फ्रेडरिक डग्लस, फिलिस व्हीटली, तूसाँ लूव्हेर्तूर अशा कृष्णवर्णीय थोरांची नावे दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांनी उघडलेल्या दारांतून पुढच्या दशकात हजारो माणसे आत आली. चढे भाडे मात्र कायम राहिले. १९२० च्या दशकात महिनाअखेरीस भाड्याचे पैसे कमी पडले की हार्लेममधील बिऱ्हाडकरू शनिवारी रात्री घरातच मेजवानी ठेवत. दाराशी थोडे प्रवेशशुल्क घेत आणि कोणाला तरी पियानोवर बसवत. फॅट्स वॉलर यांच्यासारख्या वादकांची बोटे अशाच मैफलींत तयार झाली. पहाटे पाहुणे पांगले की जमलेली नाणी मोजली जात आणि भाडे चुकते होई.