कॅप्टन विल्यम जेकब आणि न दिसलेला ग्रह

१८६२ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबई-पुणे लोहमार्ग अद्याप सलग झालेला नव्हता. मुंबईची गाडी खोपोलीस थांबे. तेथून प्रवासी पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून बोरघाट चढत आणि वर खंडाळ्यास पोहोचून पुण्याची गाडी धरीत. घाटात बोगदे व पूल बांधण्याचे काम चालूच होते, आणि त्या कामावर किती मजुरांनी प्राण गमावले त्यांची नावेही आज आपल्याला ठाऊक नाहीत. पुण्याचा रस्ता तेव्हा खंडाळ्यावरूनच जात असे. ऐन पावसाळ्यात त्या वाटेने निघालेल्या एका इंग्रज गृहस्थाची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत. वय अठ्ठेचाळीस, शरीर वारंवारच्या आजारपणाने थकलेले आणि मनात पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्याचा निश्चय, असे हे कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब.

परग्रहांच्या शोधाची हकीकत सांगणारे बहुधा १९९५ सालापासून आरंभ करतात. त्या वर्षी मेयर आणि क्वेलोझ यांनी सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह ओळखला आणि २०१९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज अशा ज्ञात ग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. परंतु त्याच्या १४० वर्षे आधी, दूरच्या ताऱ्याचा ग्रह मोजमापाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न जेकब यांनी केला होता. तो फसला. तरीही तो सांगण्यासारखा आहे, असे आम्हांस वाटते.

जेकब यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातील वुलाविंग्टन या खेड्यात झाला. वडील तेथील अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू. थोरले बंधू जॉन हे पुढे सेनापती झाले. सिंधमधील जेकबाबाद शहर त्यांच्याच नावाचे. धाकट्याच्या नावाचे मात्र गावही नाही. विल्यम यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कॉम्ब येथील विद्यालयात शिक्षण घेतले आणि १८३१ च्या सुमारास ते मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर पथकात दाखल झाले. काही काळ ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामावर होते. दिवसभर डोंगरमाथ्यांमधील कोन मोजणारा मनुष्य रात्री ताऱ्यांमधील कोन मोजू लागला, यात आम्हांस नवल वाटत नाही.

१८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा थाटली. तेथील पाच फुटी दुर्बिणीतून त्यांनी जोडताऱ्यांचे वेध घेतले आणि २४४ जोडताऱ्यांची सूची तयार केली. १८४८ च्या अखेरीस मद्रास वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. १८५२ मध्ये शनीचे अंधूक कडे पारदर्शक असल्याचे त्यांनी तेथूनच टिपले.

आता त्या ग्रहाविषयी. भुजंगधारी या तारकासमूहात ७० क्रमांकाचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो एकच दिसतो. प्रत्यक्षात ते दोन नारिंगी तारे असून सुमारे ८८ वर्षांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. ते आपल्यापासून साडेसोळा प्रकाशवर्षांहून थोडे अधिक दूर आहेत. अशा जोडीच्या दोन गोष्टी मोजायच्या असतात : दोहोंमधले अंतर आणि एकाच्या संदर्भात दुसऱ्याची दिशा. दुर्बिणीच्या नेत्रभिंगापाशी बसविलेले अतिसूक्ष्म तंतू स्क्रूने सरकवीत हे माप घेतले जाई. मापाचे एकक विकला. अडीच सेंटीमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटरांवर धरले, तर ते जेवढे दिसेल तेवढी एक विकला. या जोडीतले अंतर दीड ते पावणेसात विकलांच्या दरम्यान बदलत राहते, आणि जेकब यांना रस होता तो विकलेच्याही लहानशा अंशात.

गणिताने काढलेल्या कक्षेवर तारा जेथे असावयास हवा होता, तेथे तो नेमका सापडत नव्हता. हे विचलन एका न दिसणाऱ्या ग्रहाच्या ओढीमुळे असण्याचा मोठा संभव आहे, असा निष्कर्ष त्यांनी १८५५ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्यांनी तो संभव म्हणून मांडला, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नव्हे. याची नोंद आम्ही मुद्दाम घेतो. विचाराची दिशाही अचूक होती. १८४४ मध्ये बेसेल यांनी व्याधाच्या डोलण्यावरून त्याला अदृश्य सोबती असल्याचे अनुमान काढले होते, आणि १८६२ च्या जानेवारीत, म्हणजे जेकब मुंबईत उतरण्याच्या काही महिने आधी, तो सोबती दुर्बिणीत प्रत्यक्ष दिसला.

जेकब यांचा ग्रह मात्र दिसला नाही. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सी यांनी त्याच जोडीत काळोख्या सोबत्याचा दावा पुन्हा केला; १८९९ मध्ये मोल्टन यांनी तशा कक्षेत तिसरे पिंड टिकूच शकत नाही हे गणिताने दाखविले. १९४३ मध्ये आणखी एक दावा पुढे आला आणि १९८८ मध्ये हाइन्ट्स यांनी हे सारे दावे निकालात काढले. वेगवेगळ्या निरीक्षकांनी वेगवेगळ्या दुर्बिणींतून घेतलेल्या जुन्या मापांतच एवढी चूक दडलेली असे, की तीतून ग्रहाची खूण निवडणे शक्य नव्हते. रीत मात्र टिकली. युरोपच्या ‘गाया’ या अवकाश दुर्बिणीने २०२५ पर्यंत ताऱ्यांच्या जागा कित्येक पटींनी अधिक सूक्ष्मपणे मोजल्या, आणि त्या मापांतून केवळ ताऱ्याच्या डोलण्यावरून ग्रह ओळखता आले आहेत.

मद्रासमध्ये जेकब यांची प्रकृती खालावत गेली. दोनदा आजारपणाची रजा घेऊन अखेर १८५९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १८६० मध्ये ते खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी स्पेनला जाऊन आले. मग त्यांना पुण्याची आठवण झाली असावी. समुद्रकाठच्या जड हवेपेक्षा डोंगरावरच्या विरळ हवेत तारा स्थिर दिसतो. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या पैशाने खरेदी केली, ब्रिटिश संसदेने १८६२ मध्ये एक हजार पौंड मंजूर केले, आणि तीन वर्षे तेथे काम करण्याचे जेकब यांनी मान्य केले.

८ ऑगस्ट १८६२ रोजी ते मुंबईत उतरले. १६ ऑगस्टला, पुण्यास पोहोचताच, त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत पुण्याच्या आकाशात ढगांशिवाय काही दिसत नाही.

बोरघाटातील लोहमार्ग पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये खुला झाला आणि खंडाळ्याला गाडी बदलण्याचे कारण उरले नाही. पुणे जिल्ह्यातील डोंगरावर मोठी दुर्बीण येण्यास मात्र २००६ साल उजाडले. आयुकाची दोन मीटर व्यासाची ती दुर्बीण गिरवली येथे आहे.