अबिगेल अ‍ॅडम्स : घर, शेत आणि स्वातंत्र्य

राष्ट्रांच्या स्वातंत्र्याचा इतिहास बहुधा सभागृहे आणि रणांगणे यांच्या आधारे लिहिला जातो. ठराव कोणी मांडला, तह कोठे झाला, सेनापती कोण होता, या प्रश्नांची उत्तरे त्यात सहज सापडतात. परंतु ठराव मांडणारा पुरुष परगावी असताना त्याचे शेत कोणी नांगरून घेतले, मुलांना अक्षरे कोणी शिकविली आणि साथीच्या दिवसांत उशाशी कोण बसले, हे सांगणारी साधने क्वचितच हाती लागतात. अमेरिकेच्या बाबतीत हे साधन एका स्त्रीने निर्माण केले, आणि तेही इतिहास लिहिण्याचा कोणताही संकल्प न करता. अबिगेल अ‍ॅडम्स हे तिचे नाव. पती जॉन अ‍ॅडम्स यांच्याशी तिने केलेल्या पत्रव्यवहारातील अकराशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. वसाहतीतील एका कुटुंबाचा संसार आणि एका देशाचा जन्म या दोन्ही कथा त्यांत एकाच शाईने लिहिल्या गेल्या आहेत.

अबिगेलचा जन्म 1744 साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील वेमथ या गावी झाला. वडील विल्यम स्मिथ हे तेथील धर्मोपदेशक होते. आईचे घराणे क्विन्सी हे वसाहतीतील प्रतिष्ठित घराण्यांपैकी एक. मुलींना शाळेत पाठविण्याची रीत त्या समाजात जवळजवळ नव्हतीच. शिवणटिपण, घरकाम आणि बायबल वाचण्यापुरते अक्षरज्ञान एवढे मुलीला पुरेसे मानले जाई. अबिगेल वडिलांच्या आणि आजोबांच्या ग्रंथसंग्रहात स्वतःच वाचू लागली. मात्र आपल्या शुद्धलेखनाची आणि विरामचिन्हांची तिला जन्मभर लाज वाटत राहिली. आपली पत्रे जाळून टाकावीत, अशी विनंतीही तिने पतीला केली होती. जॉनने ती मानली नाही, हे वाचकांचे भाग्यच म्हणावयाचे.

1764 च्या ऑक्टोबरात तिचा विवाह ब्रेनट्री येथील तरुण वकील जॉन अ‍ॅडम्स यांच्याशी झाला. नव्या घरातील दिनक्रम न्यू इंग्लंडमधील कोणत्याही मध्यम शेतकरी कुटुंबासारखाच होता. पहाटे चूल पेटवावी, गाईंचे दूध काढून लोणी करावे, चरबीपासून मेणबत्त्या आणि साबण तयार करावा, सफरचंदांचा रस आंबवून वर्षाची बेगमी करावी, हिवाळ्यासाठी मांस खारवून ठेवावे, ही सारी कामे घरच्या स्त्रीच्या देखरेखीखाली चालत. दहा वर्षांत तिला पाच मुले झाली. त्यांपैकी सुझॅना ही मुलगी 1770 साली, जेमतेम वर्षाची असताना, दगावली.

या घरगुती जीवनात राजकारण शिरले ते करांच्या वाटेने. 1765 च्या मुद्रांक कायद्याने वकिलाच्या कागदांवर कर बसविला. 1767 च्या कायद्यांनी काच, रंग, कागद आणि चहा यांवर जकात लादली. त्यानंतर इंग्रजी मालावर बहिष्कार सुरू झाला, आणि त्या बहिष्काराचे खरे ओझे चुलीजवळ आणि चरख्याजवळ बसणाऱ्या स्त्रियांवर पडले. इंग्रजी कापड नाकारावयाचे तर सूत घरी कातावयास हवे; चहा सोडावयाचा तर त्याला पर्याय शोधावयास हवा. स्वदेशीचा अनुभव असलेल्या भारतीय वाचकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही. चहाच्या प्रश्नाचा तर आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. बंगालमध्ये 1770 च्या दुष्काळाने माणसे मरत असताना ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारही डबघाईस येत होता. तिला सावरण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1773 साली तिचा चहा वसाहतींत थेट विकण्याची सवलत दिली. त्याच वर्षी 16 डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या.

1774 मध्ये जॉन वसाहतींच्या परिषदेसाठी फिलाडेल्फियाला गेले, आणि पुढील दहा वर्षांचा बहुतेक काळ हे दांपत्य एकमेकांपासून दूर राहिले. शेत, मजूर, कर, कर्ज आणि मुलांचे शिक्षण हे सर्व अबिगेलवर आले. 1775 च्या एप्रिलमध्ये लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळीबार झाल्यावर बॉस्टनमधून पळून आलेल्या कुटुंबांना आणि वाटेने जाणाऱ्या सैनिकांना तिच्या घरात आसरा मिळू लागला. घरातील कथिलाचे चमचे वितळवून गोळ्या ओतल्या गेल्या. 17 जून रोजी बंकर हिलची लढाई चालू असताना ती सात वर्षांच्या जॉन क्विन्सीला घेऊन जवळच्या टेकडीवर गेली. समोर चार्ल्सटाउन जळत होते. कुटुंबाचे स्नेही आणि वैद्य जोसेफ वॉरन त्या दिवशी मारले गेले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत हगवणीची साथ आली. ती स्वतः आजारी पडली, धाकटा मुलगा टॉमी आजारी पडला, घरातील मोलकरीण मरण पावली आणि 1 ऑक्टोबरला तिची आई गेली. युद्धाच्या इतिहासात या मृत्यूंची नोंद नसते. परंतु त्या काळी युद्धाहून रोगच अधिक माणसे नेत असे.

1776 च्या मार्चअखेरीस, इंग्रज सैन्य बॉस्टन सोडून गेल्यावर, तिने लिहिलेले पत्र आज जगप्रसिद्ध आहे. नव्या राष्ट्राचे कायदे करताना स्त्रियांची आठवण ठेवावी आणि पतींच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नये, अशी मागणी तिने त्यात केली. ही मागणी मताधिकाराची नव्हती. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीला स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. तिची मालमत्ता आणि तिची मिळकत पतीची होत असे. राजाच्या निरंकुश सत्तेविरुद्ध जे तत्त्व पुरुष मांडत होते, तेच तिने घराच्या उंबरठ्याच्या आत आणून ठेवले. जॉनने ते हसण्यावारी नेले. जुलैमध्ये तिने मुलांना बॉस्टनला नेऊन देवी टोचून घेतल्या. त्या वेळची पद्धत जिवंत रोगाचेच बीज टोचण्याची असल्याने जिवाला धोका होता. त्याच मुक्कामात, 18 जुलै रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा सज्जातून वाचला जाताना तिने जमावात उभे राहून ऐकला. त्यात स्त्रियांचा उल्लेख नव्हता.

कायद्याने जे दिले नाही ते अबिगेलने व्यवहारातून मिळविले. जॉन 1778 मध्ये फ्रान्सला वकील म्हणून गेल्यावर तिने युरोपातून टाचण्या, रुमाल, फिती असा किरकोळ माल मागवून आप्तांमार्फत विकण्यास प्रारंभ केला. मजूर मिळेनासे झाले तेव्हा शेत अर्धेलीने लावले. कागदी चलनाची किंमत घसरत असताना जॉनचा ओढा जमीन घेण्याकडे होता. अबिगेलने सरकारी रोखे घेण्याचा आग्रह धरला आणि तिचा हिशेब अधिक बरोबर ठरला. या मिळकतीचा काही भाग ती स्वतःचा मानीत असे. कायद्याच्या दृष्टीने अशी मालमत्ता असूच शकत नव्हती.

तिच्या विचारांची दुसरी कसोटी गुलामगिरी ही होती. ती ज्या घरात वाढली तेथे गुलाम होते. तरीही 1774 मध्येच तिने पतीला कळविले होते की, ज्या स्वातंत्र्यासाठी आपण झगडतो तेच इतरांपासून हिरावून घेणे तिला अधर्म वाटते. 1797 साली तिने जेम्स या कृष्णवर्णी सेवकाला रात्रशाळेत घातले. एका शेजाऱ्याने हरकत घेतली, तेव्हा त्याचा शिकण्याचा हक्क इतर मुलांइतकाच आहे, या भूमिकेवरून ती हटली नाही. पुढे 1873 साली महात्मा फुले यांनी आपला गुलामगिरी हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, त्यांच्या परंपरेचा एक लहानसा झरा अशा घरांतून निघाला होता. तथापि तिचे चित्र निर्दोष रंगविण्याचे कारण नाही. जॉन राष्ट्राध्यक्ष असताना 1798 मध्ये सरकारवरील टीका दडपणारा कायदा झाला, तेव्हा या स्वातंत्र्यवादी स्त्रीने त्याचा जोरदार पुरस्कार केला. पतीवरील टीका तिला राष्ट्रद्रोहासारखी वाटली. तत्त्व आणि माया यांच्या संघर्षात येथे मायेने बाजी मारली.

1784 मध्ये ती समुद्र ओलांडून पतीकडे गेली. पॅरिस आणि लंडन पाहिले; लंडनमध्ये विज्ञानाची काही व्याख्याने ऐकली आणि मुलींपासून किती मोठे जग दूर ठेवले जाते, याची जाणीव तिला नव्याने झाली. 1800 च्या नोव्हेंबरात ती वॉशिंग्टनच्या अपुऱ्या अध्यक्षीय प्रासादात राहावयास आली आणि त्याच्या भव्य दिवाणखान्यात तिने धुतलेले कपडे वाळत घातले. पुढील वर्षी दोघे गावी परतली. 1813 मध्ये थोरली मुलगी कर्करोगाने गेली. 28 ऑक्टोबर 1818 रोजी विषमज्वराने अबिगेलचे निधन झाले. मुलगा जॉन क्विन्सी राष्ट्राध्यक्ष झालेला पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

तिच्या आयुष्यातील सर्वांत बोलका दस्तऐवज मात्र पत्र नव्हे. 1816 च्या जानेवारीत तिने मृत्युपत्र केले. पती हयात होता, त्यामुळे असे मृत्युपत्र करण्याचा तिला कायद्याने अधिकार नव्हता. तरीही तिने आपली म्हणून मानलेली मालमत्ता, थोडा भाग वगळता, नाती, भाच्या, सुना आणि घरातील मोलकरणी अशा स्त्रियांमध्ये वाटून दिली. जॉनने आणि मुलांनी ते मृत्युपत्र जसेच्या तसे पाळले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मागणीवर तो हसला होता, ती त्याने अखेर आपल्या घरापुरती मान्य केली.

तिची पत्रे नातू चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स याने 1840 मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकन स्त्रियांना राज्यघटनेने मताधिकार दिला तो 1920 साली. स्वातंत्र्य एका दिवशी जाहीर होते. घराघरांत पोहोचण्यास त्याला पिढ्या लागतात, आणि त्या वाटचालीचा हिशेब बहुधा असाच कोणा गृहिणीच्या कागदांत जपलेला असतो.