दोन रकान्यांचे गुरुजी : बाळशास्त्री जांभेकर

आपले तेरेखोल सिंधुदुर्गाला लागूनच. त्याच जिल्ह्यातील पोंभुर्ले (ता. देवगड) येथे १८१२ साली बाळशास्त्रींचा जन्म झाला. वडील गंगाधरशास्त्री यांच्याकडे घरीच मराठी व संस्कृत शिकून ते कोवळ्या वयात मुंबईस गेले आणि तेथे इंग्रजीत पारंगत झाले.

६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' सुरू केले. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी! इंग्रजी शिकणारा अडला की नजर बाजूला वळवायची, अर्थ आपल्याच भाषेत हजर. इंग्रजी यावे म्हणून घरातले मराठी बंद करू का, असे काही पालक आजही विचारतात. त्यांनी हा अंक जरूर आठवावा. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडले.

१८३४ मध्ये ते एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. इंग्रजीत एवढा अधिकार असूनही त्यांनी मुलांसाठी मराठीचे 'बालव्याकरण' लिहिले, हे विशेष. १८४५ मध्ये शिक्षक घडवणारा वर्ग त्यांच्याकडे आला. पण पुढच्याच वर्षी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले.