हृदयाच्या पडद्यात छिद्र नाही: हकीम इब्नुन नफीस यांची ओळख

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एमबीबीएस, बीयूएमएस, नर्सिंग, फार्मसी यांची चर्चा सुरू होते. मुलगा असो की मुलगी, वैद्यकीय शिक्षणाला गेलं की पहिल्याच वर्षी दोन विषय समोर येतात. शरीर कसं रचलं आहे हा एक, आणि त्याचा प्रत्येक भाग काय काम करतो हा दुसरा. युनानी महाविद्यालयांत याच विषयांना तशरीह-उल-बदन आणि मुनाफे-उल-आजा म्हणतात. हाडं, स्नायू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, हृदय, फुफ्फुसं, यकृत… पाठ करता करता मुलं मेटाकुटीला येतात. हेच विषय सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी काहिरात बसून नव्याने तपासणाऱ्या एका हकिमांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

त्यांचं नाव अलाउद्दीन अली इब्न अबिल हज्म. जग त्यांना इब्नुन नफीस म्हणून ओळखतं, आणि आपल्याकडच्या जुन्या तिब्बच्या पुस्तकांत ते अल्लामा करशी या नावानेही भेटतात. त्यांचा जन्म 1210 ते 1213 च्या दरम्यान दमिश्क परिसरातला. दमिश्कमध्ये तेव्हा नूरी बीमारिस्तान हे मोठं रुग्णालय होतं. सुलतान नूरुद्दीन जंगी यांनी ते 1154 मध्ये उभारलं. बीमारिस्तान म्हणजे नुसती खाटा टाकलेली जागा नव्हे. तिथे रोग्यांवर उपचार होत आणि तिथेच शागिर्द शिकत. मुहज्जबुद्दीन दख्वार हे त्या काळचे नामांकित हकीम तिथे शिकवत. इब्नुन नफीस त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

पुढे ते मिसरला, काहिरा शहरात गेले आणि उरलेलं आयुष्य तिथेच राहिले. तो काळ काही शांततेचा नव्हता. 1258 मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं, 1260 मध्ये ऐन जालूतची लढाई झाली. या सगळ्या धामधुमीत हे गृहस्थ रोगी तपासत होते, शिकवत होते आणि लिहीत होते. मिसरच्या हकिमांचे प्रमुख हे पद त्यांना मिळालं. सुलतान बैबर्स यांचे ते वैद्य होते असंही सांगतात.

आणि ते केवळ हकीम नव्हते. काहिराच्या मसरूरिया मदरशात ते शाफई फिकह शिकवत. आपल्या कोकणातले बहुसंख्य मुस्लिम ज्या मसलकवर चालतात, तीच ही फिकह. शाफई आलिमांच्या चरित्रकोशात त्यांची नोंद आहे. हदीसचं शास्त्र, मंतिक, अरबी व्याकरण यांवरही त्यांनी लिहिलं. दीनी इल्म आणि दुनियावी इल्म अशा दोन वेगळ्या पेट्या त्यांच्या आयुष्यात दिसत नाहीत, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

आता मुद्द्याचं. त्या काळात वैद्यकात दोन नावांपुढे सगळे मान झुकवत. एक ग्रीक हकीम जालीनूस, म्हणजे गॅलन, आणि दुसरे इब्ने सीना. इब्ने सीनांचा अल-कानून हा ग्रंथ म्हणजे वैद्यकाचं शेवटचं प्रमाण. त्यात हाडं, स्नायू, मज्जातंतू, शिरा-धमन्या यांची माहिती पहिल्या भागात आहे, तर हृदय, फुफ्फुस, यकृत अशा अवयवांची तिसऱ्या भागात. इब्नुन नफीस यांनी ही विखुरलेली माहिती एकत्र आणली आणि ओळीने तिच्यावर भाष्य लिहिलं. या ग्रंथाचं नाव शरह तशरीह अल-कानून. त्याची एक जुनी प्रत 1242 सालची आहे, म्हणजे लिहिताना ते जेमतेम तिशीचे होते.

या भाष्यात हृदयाजवळ आल्यावर ते थांबले. जालीनूस यांचं म्हणणं असं होतं की रक्त यकृतात तयार होतं आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं. तिथून दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून ते डाव्या कप्प्यात झिरपतं. ही छिद्रं कुणी पाहिलेली नव्हती, तरी हजार वर्षं सगळे ती आहेत असं धरून चालले. इब्ने सीनांनीही तेच स्वीकारलं.

इब्नुन नफीस यांनी मात्र स्वच्छ लिहिलं की हा पडदा जाड आणि भरीव आहे. त्याला दिसणारं छिद्र नाही आणि न दिसणारंही नाही. मग उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? त्यांचं उत्तर असं की ते आधी फुफ्फुसांत जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि दुसऱ्या वाहिनीने डाव्या कप्प्यात परत येतं. हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीची भिंत जाड का आणि परत येणाऱ्या वाहिनीची पातळ का, याचाही मेळ त्यांनी लावला. जाड भिंतीतून फक्त अतिशय पातळ झालेलं रक्त पाझरावं, आणि पातळ भिंतीने ते सहज आत घ्यावं, असा त्यांचा तर्क. या दोन वाहिन्यांमध्ये बारीक वाटा असल्या पाहिजेत, असंही ते म्हणतात. अशा वाटा 1661 मध्ये माल्पिगी या इटालियन डॉक्टरने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. आपण त्यांना केशवाहिन्या म्हणतो.

आणखी दोन गोष्टी बघा. इब्ने सीनांच्या पुस्तकात हृदयाला तीन कप्पे सांगितले आहेत. इब्नुन नफीस म्हणाले, दोनच. हृदयाचं पोषण उजव्या कप्प्यात साठलेल्या रक्तातून होतं, हेही त्यांना पटलं नाही. हृदयाच्या स्वतःच्या मांसात पसरलेल्या वाहिन्यांतून त्याला रक्त मिळतं, असं त्यांनी लिहिलं. आज अँजिओग्राफीत डॉक्टर ज्या वाहिन्या तपासतात, त्याच या.

हे त्यांना कळलं कसं? शरीअतचा अदब आणि मनातली दया यांमुळे चिरफाड करण्यापासून आपण दूर राहिलो, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं आहे. पण पुढे काही ठिकाणी ते विच्छेदनाचाच दाखला देतात. त्यामुळे त्यांनी प्राण्यांचं हृदय उघडून पाहिलं असेल की केवळ तर्काने इथवर पोहोचले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

इथे एक गोष्ट आपल्यातच बोलून घ्यायला हवी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात सर्रास असतं की रक्ताभिसरणाचा संपूर्ण शोध इब्नुन नफीस यांचा आणि इंग्रज डॉक्टर हार्वेने तो चोरला. असं लिहून आपण त्यांची इज्जत वाढवत नाही. त्यांनी सांगितला तो हृदय आणि फुफ्फुस यांच्यामधला प्रवास. रक्त सगळ्या शरीरात फिरून पुन्हा हृदयात येतं, हे हार्वे यांनी 1628 मध्ये मोजमाप करून दाखवलं. युरोपात फुफ्फुसातल्या या प्रवासाबद्दल सर्व्हेटस यांनी 1553 मध्ये आणि कोलंबो यांनी 1559 मध्ये लिहिलं. त्यांच्यापर्यंत इब्नुन नफीस यांचं म्हणणं पोहोचलं होतं की नाही, याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. पण या सगळ्यांच्या तीनशे वर्षं आधी ते लिहून झालेलं होतं, एवढं सत्य पुरेसं मोठं आहे. त्याला मीठमसाला कशाला?

खरं दुःख वेगळंच आहे. हा शोध आपल्याच लोकांनी पुढे नेला नाही. त्यांनी केलेला अल-कानूनचा संक्षेप, मूजज, खूप गाजला. त्यावर शरहा लिहिल्या गेल्या, त्यातली नफीसी हिंदुस्तानच्या तिब्बी शिक्षणात पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. पण हृदयावरची ती पानं फारशी कुणी उघडली नाहीत. शेवटी 1924 मध्ये मुहियुद्दीन ततावी नावाचे मिसरी डॉक्टर जर्मनीत शिकत असताना, बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात त्यांना तो मजकूर सापडला. पुढे माक्स मायरहोफ या अभ्यासकाने तो जगासमोर आणला.

लिहिण्याची त्यांची पद्धतही सांगण्यासारखी आहे. लेखण्या आधीच तासून ठेवायच्या, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि पुस्तक न उघडता लिहीत सुटायचं, अशी आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. अश-शामिल हा तिब्बचा विश्वकोश तीनशे खंडांचा करायचा त्यांचा बेत होता. त्यातले ऐंशी पूर्ण झाले.

17 डिसेंबर 1288 रोजी, जुम्याच्या दिवशी, काहिरात त्यांचा इंतकाल झाला. शेवटच्या आजारात सोबतच्या हकिमांनी औषध म्हणून थोडी दारू सुचवली होती. ती पोटात घेऊन अल्लाहसमोर जायचं नाही, असं सांगून त्यांनी नकार दिला. आपलं घर आणि पुस्तकं ते काहिराच्या नव्या मनसूरी रुग्णालयाला देऊन गेले.

इब्ने सीनांबद्दल त्यांना किती आदर होता, हे वेगळं सांगायला नको. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी त्या एका ग्रंथावर घालवली. पण आदर आहे म्हणून चुकीचं वाक्य तसंच पुढे ढकललं नाही. आपल्या मुलांनी शरीराची नावं पाठ करावीत, परीक्षेसाठी ती लागतातच. पण एखाद्या मुलाने पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून, हे कशावरून, असं विचारलं, तर त्याला उद्धट म्हणून गप्प बसवू नका. शाफई फिकह शिकवणाऱ्या एका आलिमाने हाच प्रश्न विचारला होता.