बॉमे नावाचा माणूस

अंबरनाथमध्ये रसायनांच्या कारखान्यात पाळी करणाऱ्यांच्या घरी ‘बॉमे’ हा शब्द सारखा कानावर पडे. आज अॅसिड किती बॉमे उतरले, हे वडील जेवताना सांगत. हे मुंबईचेच काही माप असावे, अशी माझी बालपणीची समजूत. तो एका माणसाचा उल्लेख होता, हे फार उशिरा कळले.

आंत्वान बोमे यांचा जन्म १७२८ साली फ्रान्समधील सेन्लिस येथे, एका खानावळवाल्याच्या घरी झाला. औषधे बनवणाऱ्याकडे उमेदवारी करून १७५२ मध्ये ते पॅरिसमध्ये स्वतः औषधनिर्माते झाले. पुढे त्यांनी कारखाना काढला आणि नवसागर मोठ्या प्रमाणावर तयार केला.

द्रवाची घनता मोजणारी काचेची तरंगती नळी, म्हणजे हायड्रोमीटर, त्यापूर्वीही होता. द्रव जितका दाट, तितकी नळी वर उचलली जाते. पण एकाच्या नळीवरील खुणा दुसऱ्याशी जुळत नसत. १७६८ मध्ये बोमे यांनी त्यावर साधा तोड काढला. शुद्ध पाण्यात नळी जिथवर बुडेल तिथे शून्य. १५ भाग मीठ ८५ भाग पाण्यात विरघळवून त्यात बुडेल तिथे १५. मधल्या अंतराचे १५ सारखे भाग करायचे आणि त्याच मापाने पुढे खुणा करत जायचे. मीठ आणि पाणी कुठे मिळत नाही?

१७७२ मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पैसाही मिळाला आणि १७८० च्या सुमारास त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. मात्र राज्यक्रांतीत सारे गेले. साठी उलटल्यावर त्यांना पुन्हा धंद्याला लागावे लागले. लाव्हाझिए यांचे नवे रसायनशास्त्रही त्यांनी मानले नाही. जळणाऱ्या पदार्थात ‘फ्लोजिस्टन’ असते, हे जुने मत ते धरून राहिले. ते मत चुकीचे ठरले. १८०४ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले.

संपत्ती गेली, सिद्धान्त गेला; राहिली ती मिठाच्या पाण्यावर बेतलेली खूण. देशोदेशी तिच्यात थोडा फरक पडला, तरी नाव तेच राहिले. सुमारे ९३ टक्के गंधकाम्ल म्हणजे ६६ बोमे, हा हिशेब अंबरनाथच्या पाळीवाल्यांना तोंडपाठ असे. वडिलांना त्या माणसाचे चरित्र ठाऊक नव्हते. पण अॅसिड पातळ की तीव्र, हे त्याच्या खुणेवरून ठरवताना त्यांनी तिच्यावर कधी शंका घेतली नाही. औषधे विकणाऱ्या त्या माणसाला याहून मोठे स्मारक कोणते हवे होते?