आयर्लंडचे मुक्तिदाते डॅनियल ओकॉनेल

आमच्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं आम्ही वाचकांस आयर्लंडमधील एका कॅथोलिक गृहस्थाचें चरित्र थोडक्यांत सादर करीत आहों. धर्मश्रद्धा आणि राज्याचा कायदा ह्यांचा संबंध कसा असावा, हें डॅनियल ओकॉनेल ह्यांच्या जीवनावरून फार चांगलें समजतें.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजीं केरी परगण्यांत झाला. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथोलिक, परंतु सत्ता प्रॉटेस्टंटांच्या हातीं होती. शिक्षणासाठीं ओकॉनेल ह्यांस फ्रान्सला जावें लागलें. तेथील राज्यक्रांतीचा रक्तपात पाहून हिंसेविषयीं त्यांच्या मनांत कायमचा तिटकारा उत्पन्न झाला. १७९८ सालीं ते बॅरिस्टर झाले. पुढें १८१५ सालीं द्वंद्वयुद्धांत त्यांच्याच गोळीनें एक मनुष्य मरण पावला. त्याचा पश्चात्ताप त्यांस जन्मभर होता. आपल्या लोकांचे हक्क त्यांनीं मिळविले ते कायद्याच्याच बळावर.

कॅथोलिकांस पार्लमेंटचें दार बंद होतें. सभासदास अशी शपथ घ्यावी लागे कीं, पवित्र मिस्सा व संतांची विनवणी ही मूर्तिपूजा आहे. म्हणजे ज्यास खोट्या शपथेचें भय नाहीं तो आंत, आणि जो आपल्या सद्विवेकबुद्धीशीं प्रामाणिक राहील तोच बाहेर!

१८२३ सालीं ओकॉनेल ह्यांनीं कॅथोलिक संघ स्थापिला. पुढील वर्षापासून गरिबांकडून दरमहा एक पेनी वर्गणी घेण्यांत येऊं लागली. धर्मगुरूंच्या साह्यानें ती देवालयांच्या दारीं गोळा होई.

कॅथोलिकास पार्लमेंटांत बसतां येत नसे. परंतु त्यानें निवडणुकीस उभें राहूं नये, असें कायद्यांत कोठेंही नव्हतें. हें हेरून ओकॉनेल १८२८ सालीं क्लेअर येथें उभे राहिले. कुळांनीं जमीनदारांचा रोष पत्करून त्यांस मतें दिलीं, व ९८२ विरुद्ध २०५७ मतांनीं ते निवडून आले. यादवीच्या भीतीनें सरकार नमलें आणि १३ एप्रिल १८२९ रोजीं कॅथोलिकांच्या मुक्ततेचा कायदा झाला.

ह्या विजयाची किंमत गरिबांनीं दिली, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. त्याच वेळीं मताधिकाराची मर्यादा ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेण्यांत आली. ज्यांच्या धैर्यानें निवडणूक जिंकली, त्या कुळांचेंच मत गेलें.

नव्या कायद्यापूर्वीं निवडून आल्यामुळें १५ मे १८२९ रोजीं ओकॉनेल ह्यांच्यापुढें जुनीच शपथ ठेवण्यांत आली. त्यांनीं ती वाचली व नाकारली. पुन्हां बिनविरोध निवडून येऊन १८३० सालीं त्यांनीं आपली जागा घेतली. तेथें यहुद्यांच्या हक्कांसाठीं व गुलामांच्या मुक्ततेसाठींही त्यांनीं आपली वाणी झिजविली.

रोमच्या यात्रेस निघाले असतां १५ मे १८४७ रोजीं जिनोआ येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणें हृदय रोमला व देह आयर्लंडला नेण्यांत आला.

आपल्या भारतांत १९५० सालच्या संविधानाच्या २५ व्या कलमानें सद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य सर्वांस दिलें आहे. तें राखावयाचें तर जो हक्क आपण आपल्या वेदीसाठीं मागतों, तोच शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यासाठींही मागितला पाहिजे. अशी उदार बुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो.